वेळासची पहाटपाळी

कासवाची अंडी उकरून नेणं हा गुन्हा आहे, हे कोकणच्या किनाऱ्यावर २००२ सालापर्यंत फारसं कुणी मनावर घेतलेलं नव्हतं. कायदा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडले कासव वाघाच्या पंक्तीला बसलेलं. पण थंडी पडली आणि पुळणीवर माग दिसला की तो धरून वर जायचं, काठीने वाळू टोचून बघायची, अंडी टोपलीत भरायची, थोडी घरी ठेवायची, उरलेली विकायची, हे हंगामाचं काम होतं. माणसाच्या हातून जी सुटत, ती कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. याच गावांतल्या देवळात सभामंडपात दगडी कासव असतं. त्याला हात लावून कपाळाला नेल्याशिवाय माणूस गाभाऱ्याकडे सरकत नाही. त्या कासवाचा या अंड्यांशी संबंध लावायची वेळ कुणावर आली नव्हती. समुद्रातून जे दरवर्षी येतं ते येतच राहणार, असा किनाऱ्यावरच्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

तो तपासून पाहिला चिपळूणच्या मंडळींनी. आणि चिपळूण तर समुद्रावरचं गावही नव्हे. वाशिष्ठीच्या काठी, किनाऱ्यापासून बरंच आत, मुंबई-गोवा रस्त्यावरचं हे बाजाराचं शहर. तिथे १९९२ मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था उभी राहिली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती आपापले उद्योग सांभाळून सुट्टीच्या दिवशी रानात, कड्यावर, किनाऱ्यावर जात. छोट्या शहरातल्या अशा मंडळांचं पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक असतं. दोन वृक्षारोपणं, एक चित्रकला स्पर्धा, आणि मग अध्यक्ष कोण यावरून फूट. इथे तसं झालं नाही, याचं एक साधं कारण असं दिसतं की या लोकांनी घोषणांपेक्षा मोजणी आधी हातात घेतली.

मोजायला घेतला समुद्र-गरुड. पांढऱ्या पोटाचा हा मोठा शिकारी पक्षी किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर काटक्यांचं भलंथोरलं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करत राहतो. त्यामुळे एक जुना आंबा किंवा वड तुटला की पिढ्यांचं घर जातं. कोकणात अशी घरटी किती, कुठल्या झाडावर, झाड कुणाच्या मालकीचं, याची नोंद करत ही मंडळी गावोगाव फिरत होती. अशाच फिरतीत २००२ मध्ये वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं पडलेली दिसली. गावात विचारलं तर कुणी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात. शेजारी सावित्री नदीचं मुख आणि त्यावर नजर ठेवून बसलेला बाणकोटचा किल्ला, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. नाना फडणीसांच्या भानू घराण्याचं हे मूळ गाव, आणि अलीकडच्या काळापर्यंत बाहेरच्याला वेळासची ओळख असली तर तेवढीच. चिपळूणहून तिथे जायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त घाटवळणं. रोज पहाटे पुळणीवर हजर राहणं चिपळूणच्या माणसाला शक्यच नव्हतं. राखण करायची तर ती वेळासच्याच माणसाने करायची, हे त्यामुळे पहिल्या दिवसापासून उघड होतं. अंतराची ही अडचण नसती आणि शहरातले उत्साही तरुण स्वतःच रात्री जागत बसले असते, तर दोन हंगामांत उत्साह आटला असता आणि गाव बाजूला उभं राहून मजा बघत राहिलं असतं. संवर्धनाच्या कामात गैरसोयीचाही असा उपयोग होतो.

आणि माग ओळखायचा कुणी? ज्याने आयुष्यभर तो ओळखून अंडी काढली, त्यानेच. कोकणच्या किनाऱ्यावर हे पुढे अनेक गावांत घडलं. अंडी काढण्यात तरबेज असलेला माणूस राखणदार झाला. त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं असं सांगायची एक गोड पद्धत आहे. खरं तर त्याला मानधन मिळालं, गावात थोडा मान मिळाला, आणि जी विद्या त्याच्याकडे होती तिला पहिल्यांदाच विद्या म्हणून कुणी विचारलं. ग्रामपंचायतीशी बोलणी, वनखात्याची साथ, शाळेत माहिती, नाक्यावर पोस्टर हे सगळं झालंच. पहिल्या हंगामात वेळासला ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं पाण्यात गेली.

या आकड्यांमागचं काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे, कारण ते फार कंटाळवाणं आहे.

नोव्हेंबर ते मार्च हा कोकणातला विणीचा मुख्य काळ. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर हजारो माद्या काही रात्रींत एकदम येतात, त्यांची चित्रं आपण टीव्हीवर बघितलेली असतात. कोकणात तसं काही नसतं. इथे एखादी मादी येते, कुठल्या तरी रात्री, पुळणीच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, आणि तासाभरात परत जाते. तिच्यासाठी कासवमित्राने, म्हणजे या राखणदाराने, रोज उठायचं. पहाट उजाडायच्या आत पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि बहुतेक दिवशी काहीही न सापडता घरी यायचं. टॉर्च असतो, पण तो शक्यतो बंद. वर येऊ पाहणारी मादी उजेडाने बिचकून माघारी जाते.

माग सापडला तर तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. पाण्यातून वर आलेली एक रेघ, पाण्याकडे गेलेली दुसरी. ओल्या वाळूतला माग भरती पुसून टाकते, म्हणून वेळेत पोचायचं. दोन रेघा जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते, पण अंडी नेमकी कुठे ते लगेच कळत नाही. मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते, अंडी घालते, वाळू लोटते आणि मग अंगाने दाबून, आपटून ती घट्ट करते. वर पुन्हा इकडेतिकडे वाळू उडवून ठेवते. कधीकधी ती नुसतीच वर येऊन काही न घालता परतलेली असते. मग तासभर हात घालून शोधूनही हाती काही लागत नाही. सरावाचा माणूस पायाच्या टाचेला वाळू कुठे भुसभुशीत लागते यावरून जागा सांगतो. मग बारीक काठी हळूच दाबून बघायची. जोर जास्त झाला तर अंडी फुटतात, कमी झाला तर कळत नाही. हे कुठल्या कार्यशाळेत शिकवता येत नाही.

जागा ठरली की हाताने उकरायचं, फावडं वापरायचं नाही. सुमारे दीड फुटांवर पहिलं अंडं लागतं. पांढरं, गोल, मऊ कवचाचं, वर थोडा चिकट ओलसरपणा. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ दगावतो. म्हणून घाई, आणि घाईतही हात हलका. एकेक अंडं उचलून त्याच घरट्यातली ओली वाळू घातलेल्या बादलीत ठेवायचं, तोंडाने मोजत जायचं आणि बादली हिंदकळू न देता हॅचरीपर्यंत चालत न्यायची.

हॅचरी या शब्दाने प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती पुळणीवरच, भरतीच्या रेषेच्या वर, चारी बाजूंनी जाळी लावून बंद केलेली जागा. कुत्रं, कोल्हा, रानडुक्कर आत शिरू नये म्हणून जाळी वाळूतही खोल पुरलेली. आत मादीने खणला होता तेवढाच खोल खड्डा हाताने खणायचा, वर अरुंद आणि तळाशी रुंद, आणि अंडी त्यात ठेवून वाळू लोटायची. मग घरट्यावर पाटी. तारीख, घरट्याचा क्रमांक, अंड्यांची संख्या. वहीत हेच पुन्हा. दिवस उजाडलेला असतो, आणि कासवमित्र आता आपल्या खऱ्या कामाला, म्हणजे बागेत किंवा गुरांकडे जायला मोकळा होतो.

पुढचे ४५ ते ६० दिवस करायचं काही नाही, पण नजर काढायची नाही. पहिल्या पंचेचाळीस दिवसांनंतर घरट्यांवर टोपल्या उपड्या घालतात, म्हणजे बाहेर पडलेली पिल्लं इकडेतिकडे पांगत नाहीत आणि वरून कावळे, घारी झडप घालत नाहीत. ठराविक वेळेने टोपली उचलून बघायचं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर वर यायला काही दिवस लावतात. एकमेकांच्या धडपडीने वरची वाळू खाली येते आणि सगळा ढीग हळूहळू वर सरकतो. शेवटी एका सकाळी किंवा संध्याकाळी वाळू मध्येच थोडी खचते आणि एक काळसर डोकं बाहेर येतं.

मार्च महिन्याची एक खास पंचाईत आहे. शिमगा. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावात उतरतात, रात्री जागतात, आणि नेमकी याच दिवसांत घरटी फुटायला लागलेली असतात. पालखी दाराशी आलेली असताना टोपल्या बघायला पुळणीवर कोण जाणार? हा प्रश्न कुठल्याही व्यवस्थापन आराखड्यात सापडणार नाही, पण कोकणात संवर्धन टिकायचं तर तो दरवर्षी सोडवावा लागतो.

पिल्लं थेट पाण्यात नेऊन सोडत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. ते चालणं त्यांना त्या किनाऱ्याची खूण देतं असं मानलं जातं, कारण मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परततात. सव्वाशेतलं एखादं पिल्लू उलट दिशेला निघतं, एखादं लाटेने दोनदा मागे फेकलं जातं. बघणारे लोक त्या एका पिल्लावर जीव टाकतात. कासवमित्र मात्र रिकामं घरटं पुन्हा उकरतो, न फुटलेली अंडी मोजतो, अर्धवट वाढलेले गर्भ वेगळे लिहितो, आणि किती टक्के उबवली ते काढतो. त्याच्यासाठी ते घरटं तिथे संपतं.

हे बघायला बाहेरचे लोक आले तर? ही कल्पना काही वर्षांतच पुढे आली आणि वेळासचा कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी हॉटेलात राहायचं नाही, कारण हॉटेलच नव्हतं. गावकऱ्यांच्या घरी राहायचं, पडवीत गाद्या, पानात घरचं जेवण. सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमाराला पुळणीवर जायचं, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही. पिल्लू बाहेर येईल याची हमी कुणीही देत नाही. वाळू किती तापली यावर दिवस ठरतात. जानेवारीतल्या थंडीत घरटं रेंगाळतं, मार्चच्या उन्हात लवकर फुटतं. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेलं कुटुंब टोपली रिकामी बघून परततं आणि कधीकधी घरमालकिणीशी वाद घालतं. कासवाने वेळ पाळावी अशी अपेक्षा करणारी माणसं एसटीने वेळ पाळावी अशी अपेक्षा कधीच सोडून बसलेली असतात, हे विशेष.

महोत्सवाचं कौतुक सगळीकडे झालं आहे, आणि ते योग्यच आहे. घरातल्या बाईच्या हाती हंगामात थेट पैसा येतो, ही वेळाससारख्या गावात लहान गोष्ट नाही. जिथे चार घरांची कमाई कासवावर चालते तिथे अंडी चोरणाऱ्याला गावातच लपून राहावं लागतं. वनरक्षकाच्या काठीपेक्षा ही राखण पक्की. पण याच पैशाची दुसरी बाजू किनाऱ्यावर काम करणारे लोक खासगीत बोलतात. पाहुणे संध्याकाळी येणार म्हणून सकाळी निघालेली पिल्लं बादलीत थांबवून ठेवण्याचा मोह कुठल्याही गावाला पडू शकतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे पहिल्या दिवसांसाठी बलकाची थोडी शिदोरी असते आणि किनारा सोडून खोल पाण्यात जाईपर्यंत ते न थांबता पोहत असतं. बादलीत वळवळत घालवलेले तास त्या शिदोरीतून जातात. बघणाऱ्याला पिल्लू गोंडस आणि ताजंतवानं दिसतं, म्हणून हे नुकसान कुणाला दिसत नाही.

हॅचरीबद्दलही जीवशास्त्रज्ञांचं मत सरळ नाही. घरटं जिथे आहे तिथेच सुरक्षित राहत असेल तर ते हलवू नये, हे आधी. अंडी हाताळली की थोडी वाया जातात. शिवाय समुद्री कासवांत नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही सारखी, वाळू त्याहून तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. एका कोपऱ्यात, एकाच उन्हात सगळी घरटी आणून ठेवली तर एका हंगामाची सगळी पिल्लं एकाच लिंगाकडे झुकण्याचा धोका असतो. वरून उन्हाळे चढत चालले आहेत. म्हणून अनेक ठिकाणी हॅचरीवर सावली धरतात, वाळूचं तापमान मोजतात. पण जिथे रात्री कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात, पुळण दरवर्षी थोडी समुद्रात जाते आणि माणसाची सवय अजून पुरती सुटलेली नाही, तिथे घरटं जागेवर सोडून देण्याचा सल्ला अमलात आणायला बराच धीर लागतो. कोकणातल्या लोकांनी हॅचरीचा पर्याय निवडला तो समजून-उमजून.

चिपळूणच्या या मंडळींचं नाव कासवामुळे घरोघर गेलं, पण त्याआधी आणि नंतरही त्यांच्या पाटीवर इतर जीव होते. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रात खडकाळ बेटं आहेत, तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. त्या घरट्यांचं परदेशात सूप होतं, म्हणून ती खरवडून तस्करी चालायची. २००१ च्या सुमाराला संस्थेने वनखात्याला बरोबर घेऊन तो धंदा उघड केला. पुढे गिधाडं आली. अलीकडची वर्षं खवल्या मांजराची. खवल्यांसाठी जगभर सर्वांत जास्त चोरटा व्यापार ज्या सस्तन प्राण्यांचा होतो त्यात हा बिचारा वरच्या क्रमांकावर. वारुळं उकरून मुंग्या-वाळवी खातो, घाबरला की अंगाचा गोळा करून पडून राहतो, आणि उचलून न्यायला त्यामुळे सगळ्यांत सोपा. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० मध्ये खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. या कल्पनेत पोस्टर, घोषणा, व्याख्यान यांतलं काही नाही. शिमग्याच्या गावाला पालखी कळते, एवढं ज्याला कळलं त्याला अर्धं काम कळलं.

या शहराची स्वतःची नदी मात्र बराच काळ कुणाच्या वहीत नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठ बुडाली. त्यानंतर डिसेंबरात ‘चिपळूण बचाव समिती’च्या नावाखाली लोक साखळी उपोषणाला बसले. मुख्य मागणी, वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा. व्यापारी, डॉक्टर, एरवी एकमेकांशी न बोलणारे पक्षकार्यकर्ते असे सगळे एका मांडवात होते, आणि गाळाचं काम सुरू झालंही. पण गाळ येतो तो वर सह्याद्रीच्या उतारावरून, जिथे खाजगी जंगल सरसकट तुटतं आणि लाकडाचे ट्रक उतरत राहतात. ती तोड थांबवायला शहर तसं एकवटलेलं नाही. कासवासाठी जी चिकाटी दिसली ती जंगलासाठी जमत नाही, कारण कासव कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतं आणि जंगल असतं.

मग कासव तरी वाढलं का? इथे या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट येते. सोडलेल्या हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असा अंदाज सांगितला जातो. वयात यायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्या पिल्लाच्या अंगावर टिकेल अशी खूण करता येत नाही. म्हणजे २००३ मध्ये वेळासच्या वाळूवरून गेलेलं पिल्लू परत आलं तरी ते आलं हे कुणाला कळणार नाही. कासवमित्र ज्या मादीची अंडी आज बादलीत घेतो ती कदाचित त्याच्याच वहीतली असेल, कदाचित नसेल.

थोडा उजेड पडला तो २०२२ मध्ये. २५ जानेवारीला वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेवर असा प्रयोग पहिल्यांदाच होत होता, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं हे काम. पाठोपाठ सावनी, रेवती, लक्ष्मी, वनश्री. काही महिन्यांत यंत्रं एकामागून एक गप्प झाली. ती तुटली, निसटली की कासव जाळ्यात गेलं, हे सांगायला मार्ग नसतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. पैकी बागेश्री दक्षिणेला जात राहिली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली.

जानेवारी २०२५ मध्ये तर उलटंच घडलं. गुहागरच्या पुळणीवर रात्री अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी दिसली, तीवर आकडा ०३२३३. चौकशी झाली तेव्हा ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेली निघाली. पूर्व किनाऱ्यावर अंडी घातलेली मादी जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून कोकणात अंडी घालून गेली होती. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा जो समज होता त्याला यामुळे धक्का बसला, आणि अभ्यासकांना पुढची काही वर्षं पुरेल इतकं काम मिळालं. त्यात एक बारीक गोष्ट सहज निसटते. ती मादी तासभरच वर होती. त्या तासात कुणीतरी पुळणीवर जागं होतं, त्याने टॉर्च दबकत लावला आणि आकडा नीट वाचला.

वेळासचं काम आता चिपळूणच्या संस्थेच्या हातातून गावाच्या आणि वनखात्याच्या हातात गेलं आहे. आंजर्ले, केळशी, आडे, कोळथरे, दाभोळ, गुहागर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग, आणि वर रायगडात दिवेआगर, हरिहरेश्वर अशी साखळी झाली आहे. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे वनखात्याचं काम आधीपासूनच चालू होतं. घरट्यांच्या संख्येत गुहागरने वेळासला मागे टाकलं, याचं वेळासच्या लोकांना थोडं लागतंही.

किनाऱ्याबाहेर मात्र या साखळीचा हात पोचत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. त्याला निसटायला वाट देणारी चौकट जाळ्याला बसवता येते, पण आपल्याकडे ती क्वचित दिसते. याच कारणासाठी अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. राज्य सरकारने २०१८ च्या अखेरीस एक शहाणी योजना काढली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला ₹२५,००० पर्यंत भरपाई. फोटो काढून पुरावा द्यावा लागतो, म्हणून आता कित्येक होड्यांवर कासव सुटतानाचे व्हिडिओ काढले जातात. किनाऱ्यावर दुसरंच संकट आहे. समुद्र पुळण खातो म्हणून दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घालतात, आणि मादीला चढायला वाळूच उरत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं तेव्हा पोफळी आणि आंब्याची झाडं मुळासकट गेली. त्यानंतर बंधाऱ्याची मागणी करणाऱ्या माणसाला कासवाचं कारण सांगून थांबवणं सोपं नाही, आणि सांगणाऱ्याचं घर किनाऱ्यावर नसेल तर त्याने सांगूही नये.

हंगाम संपतो तो मे महिन्यात. जाळी काढून गुंडाळून ठेवतात, पावसात समुद्र तिथली वाळू धुऊन नेतो. वहीतले आकडे वनखात्याकडे जातात. मानधन हंगामापुरतं आणि बेताचं. ते कधी वेळेत येतं, कधी भातलावणी उरकल्यावर येतं. ज्यांनी सुरुवातीला पहाटपाळी केली ते आता साठीकडे झुकले आहेत आणि त्यांची मुलं मुंबईत नोकरीला आहेत. गावात राहिलेल्या तरुणांपैकी रात्री तीनला उठायला कोण तयार आहे, हे दर नोव्हेंबरात नव्याने विचारावं लागतं.